साईडपट्टीवरची हरळी

सकाळी सहा. पुष्याचा म्हातारा पाऊस आठवडाभर गायब होता, आज ढग खाली उतरलेत. असा खंड पडला की पुढची पहिली सर रस्त्यावरून सगळ्यात घाण पाणी काढते. टायरची भुकटी, ब्रेकची धूळ, सांडलेलं ऑईल हे बरंचसं सुरुवातीच्या पाण्यातच धुऊन निघतं. त्याआधी डांबराची कड मोकळी व्हायला हवी.

सात. उमरग्याबाहेर, सोलापूर-हैदराबाद महामार्ग क्रमांक 65. डांबर आणि चर यांच्यामधला हिरवा पट्टा हे आमचं काम. वर्षानुवर्षं गाळ साचून साईडपट्टी डांबरापेक्षा उंच होते. मग पाणी गवतावर पसरतच नाही. ते कडेकडेनं पळतं, जिथं फट सापडेल तिथं एकवटून उतरतं आणि घळ पाडतं. म्हणून पावड्यानं ती वरंबी तासायची, माती डांबराच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली न्यायची. सगळ्या दिवसातलं हेच खरं महत्त्वाचं काम. पाणी चादरीसारखं पातळ उतरलं तरच गवत त्याला अडवू शकतं.

साडेनऊ. लेव्हलची नळी धरून उतार तपासला. मीटरमागे दोन ते सहा सेंटिमीटर उतार चांगला. त्याहून कमी असला की पाणी तुंबतं, जास्त असला की धावतं.

अकरा. कापणी. हरळी आणि मारवेल चार-पाच इंच ठेवायची, मुळापर्यंत खरडायची नाही. गवत पाण्याच्या वर उभं राहिलं तरच पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. आपली काळी माती एकदा फुगली की पाणी फार जिरवत नाही, त्यामुळे इथं गवताच्या गाळणीवरच भिस्त.

एक मावशी विळा घेऊन आल्या. "भाऊ, एवढं गवत म्हशीला नेऊ का?"

"मावशी, कडेचं नका नेऊ. चराच्या पलीकडचं न्या, तिकडचं चांगलंय."

शिसं घातलेलं पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं, पण शिसं मातीत टिकून राहतं. टायरमधलं जस्त आणि ब्रेकमधलं तांबं तर आजही रोज पडतंय. गवतानं अडवलेला माल कुठं जात नाही, तिथंच साठतो. ते गवत जनावराच्या पोटात जाऊ नये.

दोन. धाब्यासमोर ट्रक उतरून चाकोऱ्या पडल्यात. तिथं माती भरून उताराला आडव्या ओळीत वाळ्याचे ठोंब लावले, वीतभरापेक्षा कमी अंतरानं. उन्हाळ्यात ज्याचे पडदे लावतो तोच हा वाळा. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, शेजारच्या सोयाबीनला त्रास देत नाहीत.

पावणेचार. सर आली. दहा मीटर रुंद, शंभर मीटर लांब डांबरावर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. एक बाटली डांबराच्या कडेला भरली, दुसरी पट्टा ओलांडून चराच्या तोंडाशी. पहिली काळपट, वर तेलाचा तवंग. दुसरी गढूळच, पण फिकी. बोटांवर घेतली तर खर लागत नव्हती. विरघळलेलं सगळं गवत अडवत नाही. गाळ आणि त्याला चिकटून आलेला धातू मात्र अडवतं, आणि घाणीचा मोठा वाटा त्यातच असतो.

साडेपाच. मोरीखालून पाणी ओढ्याला लागलं. इथलं पाणी बेनीतुरा नदीतून कर्नाटकात कागिणा नदीला आणि तिथून भीमेला मिळतं.

2015 च्या हरित महामार्ग धोरणानं झाडांसाठी पैसा ठेवला, ते चांगलंच झालं. पण डांबर आणि झाड यांच्यामधल्या गवतालाही तेवढाच मान हवा. महामार्गालगत ज्यांचं शेत, धाबा किंवा दुकान आहे त्यांना एवढंच सांगणं: समोरच्या पट्ट्याला काडी लावू नका, तणनाशक मारू नका, आणि गाड्या एकाच खडी टाकलेल्या वाटेनं उतरवा.