जुना देह, नवे हृदय

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेतील शेतकरी, कारागीर, दुकानदार अशा साऱ्यांनाच नव्या मालवाहू गाड्यांची निकड भासू लागली. जून १९४७ मध्ये शेव्हरोले कंपनीने 'ॲडव्हान्स डिझाइन' मालिकेतील ट्रक बाजारात आणले, ते या पार्श्वभूमीवर. गोलसर बॉनेट, समोर आडव्या पट्ट्यांची जाळी, प्रशस्त केबिन आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा असे त्यांचे रूप होते. ही मालिका १९५५ च्या प्रारंभापर्यंत चालली. तीतील अर्ध्या टनाचा '३१००' हा पिकअप आजही तेथील हौशी मंडळींचा विशेष लाडका आहे. मात्र यांतील अनेक गाड्यांचे केवळ रूप जुने असते. आतील यंत्रणा जवळजवळ संपूर्ण नवी असते. या प्रकाराला तिकडे 'रेस्टोमॉड' म्हणतात. रिस्टोरेशन म्हणजे जीर्णोद्धार आणि मॉडिफिकेशन म्हणजे फेरबदल, या दोन शब्दांपासून हे नाव बनले आहे.

हा खटाटोप कशासाठी, हे समजण्यासाठी मूळ गाडी पाहावी लागेल. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, सुमारे ९० अश्वशक्ती, तीन गिअर आणि सहा व्होल्टची विद्युतव्यवस्था. अवजड ओझे सहज ओढता यावे म्हणून वरच्या गिअरमध्येही इंजिनाच्या चारांहून अधिक फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा होत असे. शेतातून बाजारापर्यंतच्या रस्त्याला ही रचना उत्तम होती. परंतु आंतरराज्य महामार्ग उभारण्याचा कायदा अमेरिकेत झाला तो १९५६ मध्ये, म्हणजे या गाड्यांच्या नंतर. आजच्या महामार्गावरील वाहतुकीबरोबर धावताना जुने इंजिन अक्षरशः किंचाळू लागते.

साहजिकच मालकाची नजर प्रथम इंजिनाकडे जाते. जनरल मोटर्सने १९९७ मध्ये कॉर्व्हेट मोटारीत आणलेल्या 'एलएस' घराण्यातील व्ही-८ इंजिनांना येथे मोठी पसंती आहे. भंगारात निघालेल्या अलीकडच्या पिकअपमधूनही ती मिळतात आणि अडीचशेहून अधिक अश्वशक्ती देतात. परंतु एक भाग बदलला की दुसरा बदलावाच लागतो. मूळ गाडीत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा एका बंद नळीत फिरत असे. नवा गिअरबॉक्स बसवायचा तर ती नळी जाते आणि तिच्याबरोबर मागचा आसही. इंजिनाच्या संगणकासाठी बारा व्होल्टची व्यवस्था करावी लागते.

जाणकार कारागीर मात्र इंजिनाआधी ब्रेकचा विचार करतात. मूळ गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक असून त्यांना तेल पुरविणारी व्यवस्था एकच होती. एक नळी फुटली की पायाखालचा ब्रेक पूर्णपणे निकामी! म्हणून दोन स्वतंत्र विभागांची व्यवस्था आणि पुढे डिस्क ब्रेक बसवितात. पुढचा अखंड आस व पाट्यांच्या स्प्रिंगा काढून प्रत्येक चाकाला स्वतंत्र आधार देतात. त्यासाठी प्रचलित असलेला आराखडा १९७० च्या दशकातील फोर्ड मस्टँग-२ चा आहे. शेव्हरोलेच्या पोटात फोर्डची रचना, असा हा गमतीदार संकर! मुळात नसलेले सीट बेल्टही बसवावे लागतात आणि त्यांना भक्कम आधार द्यावा लागतो.

यावर परंपरावाद्यांचा आक्षेप आहे. सांगाडा कापून नवे आडवे जोडकाम केले की गाडी पुन्हा मूळ स्वरूपात आणणे अतिशय कठीण होते आणि १९४७ चा कारखाना कसे काम करीत होता याचा पुरावा नाहीसा होतो. हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे अस्पर्शित राहिलेली गाडी तशीच जपावी. गंजलेली, इंजिन हरवलेली गाडीच अशा प्रयोगासाठी निवडावी, हा मध्यममार्ग शहाणपणाचा वाटतो.

मुंबईकरांना हे नाव परके नाही. १९२८ ते १९५४ या काळात जनरल मोटर्स शिवडी येथे शेव्हरोलेच्या मोटारी आणि ट्रक जोडत असे. आपल्याकडे मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व मोटारींसाठी २०२१ मध्ये आलेल्या 'व्हिंटेज' नोंदणीतही मूळ स्वरूप कायम असण्याची अट आहे. अमेरिकेतील हौशी माणूस जुनी गाडी रोज रस्त्यावर आणण्यासाठी बदलतो, तर आपला कायदा ती न बदलता जपण्यास सांगतो. वारसा वापरात ठेवावा की जसाच्या तसा राखावा, या जुन्या वादाची ही दोन उत्तरे आहेत.