आधी अख्खा माणूस, मग अवयव

घरातले कोणी डॉक्टर झाले की पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, 'कशाचा डॉक्टर?' नुसत्या एमबीबीएसवर आता हिमायतनगरातही कोणाचे समाधान होत नाही. डोळ्यांचा, हाडांचा, हृदयाचा असे काहीतरी सांगावे लागते. पण अवयव वाटून घेण्याआधी डॉक्टरने अख्खा माणूस पाहावा, म्हणून तर साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते. २०२१ च्या नियमांनुसार त्यात सामुदायिक आरोग्याला १२ आठवडे आणि जनरल मेडिसिनला ६ आठवडे आहेत. अमेरिकेत त्वचारोगाकडे किंवा क्ष-किरणशास्त्राकडे जाणाऱ्यालाही आधी सर्वसाधारण रुग्णसेवेचे एक वर्ष काढावे लागते. पुष्कळजण ते मेडिसिनच्या वॉर्डातच काढतात.

हे कशासाठी? आपल्याच शिवारातले पाहा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटू लागतात, अंगावर दंशाची खूण दिसत नाही. एकाने पोट तपासले, दुसऱ्याने डोळे तपासले, तर मोलाचा वेळ जातो. मेडिसिनच्या वॉर्डात रात्री जागलेल्याला मात्र मण्यार आठवते. कापसावर फवारणी करून आलेल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर दुखणे डोळ्यांचे नसते. कीटकनाशक अंगात भिनलेले असते. मधुमेह फार बिघडला तरी पोट असे दुखते, की नवख्याला ऑपरेशनच सुचावे. हवे असते ते सलाइन आणि इन्शुलिन.

बँकेतही नव्या अधिकाऱ्याला कर्जखात्यात बसवण्याआधी आम्ही रोकड, क्लिअरिंग, लेजर अशा सगळ्या टेबलांवरून फिरवत असू. त्याशिवाय अर्जामागचा माणूस त्याला कळत नसे.

अडचण अशी, की याच वर्षाच्या उशाशी नीट-पीजी बसलेली असते. २०० प्रश्न, त्यांच्या गुणांवर पुढची शाखा. वॉर्डात जागवलेल्या रात्री त्या गुणांत धरल्या जात नाहीत. मग काहीजण हजेरीपुरते वॉर्डात आणि उरलेला वेळ पुस्तकात. पोरांना दोष देणे सोपे आहे. पण जे आपण मोजतो, तेच ती करणार. वॉर्डातले कामही मोजायला हवे.

नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे. आपल्या तालुक्यातला अत्यवस्थ रुग्ण अनेकदा तिथे पोचतो, आणि खाटेजवळ येणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत इंटर्न असतो. घरात असे कोणी असेल, तर 'पीजीचं काय झालं?' याच्या जोडीला 'आज वॉर्डात काय पाहिलंस?' हेही विचारत चला.