होळीनंतरची फुलं

‘होळी झाली की दिल्लीतली फुलं संपली,’ असं मयूर विहारच्या मराठी घरांतही सर्रास म्हटलं जातं. अमृत उद्यान पाहून यायचं आणि मार्चअखेर सुकलेल्या पिटुनिया, डेलियाच्या कुंड्या उलट्या करायच्या. पण ती थंडीपुरतीच झाडं. खरा मोहर पुढे येतो. एप्रिलमध्ये कडुनिंब, करंज, शिरीष आणि मे महिन्यात बहावा.

बहाव्याखाली जरा थांबून पाहा. काळा भुंगा फुलाला घट्ट धरून छातीचे स्नायू थरथरवतो. त्या कंपनानं पराग बाहेर उडतात आणि गुणगुण एकदम चिरकी होते. आखूड केसरांतले पराग त्याचं खाद्य, तर लांब, वळलेल्या तीन केसरांतले त्याच्या अंगाला लागून पुढच्या फुलावर पोचतात.

‘भडक रंग, भरपूर कीटक’ हा दुसरा गैरसमज. बोगनवेलीचा गुलाबी भाग म्हणजे फूल नव्हेच, ती सहपत्रं. खरं फूल आतली बारीक, फिकट नळी. कण्हेरीच्या फुलात तर मधुरस नसतोच. मात्र बोगनवेलीच्या किंवा गुलाबाच्या पानाला कडेनं सुबक गोल काप दिसले, तर औषध फवारू नका. एकट्यानं राहणारी पानकापी माशी तो तुकडा अंड्याच्या कोठडीसाठी नेते.

भरगच्च पाकळ्यांचा मोहही टाळावा. अशा फुलांत बहुधा केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. ‘ऑफिस टाइम’चं रोप घ्यायचं तर एकेरी फुलांचं घ्या. इथे नर्सरीत ते ‘नौ बजिया’ म्हणून मागावं लागतं.

आणि पोळ्याची भीती? आग्या मोहोळाला उंच, भक्कम आधार लागतो, बाल्कनीतल्या चार कुंड्या नव्हेत. उलट कीटकांची गरज आपल्यालाच आहे. यमुनेच्या खादरातल्या, म्हणजे नदीकाठच्या पूरमैदानातल्या, भोपळ्या-दोडक्यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात. कीटक फिरकले नाहीत, तर फळ धरत नाही. सोसायटीत सरसकट फवारणी करवून घेणाऱ्यांनी भाजी घेताना एवढं आठवावं. ‘नीम तेल आहे, काही होत नाही’ हेही खरं नाही. उमललेल्या फुलांवर तेही मारू नये.

नवीन काही विकत घ्यायचं नसेल तरी हरकत नाही. कढीपत्ता एकदा फुलू द्या, आणि तुळशीच्या मंजिऱ्या खुडताना चार-दोन मधमाश्यांसाठी ठेवा.