मांजरीची कळ

रात्रीचे अडीच वाजले होते. जिन्यातून आवाज येत होता आणि तो ‘म्याव’ नव्हता. म्याव मागणीचा असतो: दूध द्या, दार उघडा, खुर्ची रिकामी करा. हा आवाज पोटातून निघून घशात घासत येत होता. खोल, लांबट, शेवटाला वर चढणारा. जणू कुणी काही विचारतंय आणि उत्तरासाठी थांबतंय.

आमच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांमागे, एक करडी पट्टेरी मांजर व्याली होती. चार पिल्लं, जेमतेम दहा दिवसांची. ती दुपारी खायला बाहेर गेलेली असताना कुणीतरी, अगदी चांगल्या हेतूनं, पिल्लं खोक्यात घालून मागच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये नेऊन ठेवली. इथे कुणाचा पाय पडेल म्हणून. मांजर परतली. रिकामं पोतं हुंगलं. दारादारातलं पायपुसणं हुंगत चार मजले चढली. उतरली. पुन्हा पोतं, पुन्हा चार मजले. अकरा फेऱ्या मी मोजल्या, पुढे मोजवेना.

“जनावर आहे हो, दोन दिवसांत विसरेल,” शेजारच्या काकू म्हणाल्या.

विसरेलही. पण या दोन दिवसांत तिच्या आत नेमकं काय मोडलेलं असतं? हे समजून घ्यायला आधी त्या खोक्यात डोकवायला हवं.

दहा दिवसांचं मांजराचं पिल्लू ही एक अजब वस्तू आहे. डोळे नुकते किलकिले होताहेत, कानांची भोकंही आत्ता कुठे मोकळी होताहेत. मोठ्या मांजराचं अंग अडतीस-एकोणचाळीस अंशांवर ठाम असतं. पिल्लाला आपलं तापमान आपण राखता येत नाही. त्याची शेगडी बाहेर आहे, आईच्या पोटाशी. बरं, हे समजू शकतं. पण पुढचं ऐका: त्याला स्वतःहून शूसुद्धा करता येत नाही! आईनं शेपटीखाली जिभेनं चाटलं की मगच ते होतं. पहिले जवळजवळ तीन आठवडे पिल्लाच्या मूत्राशयाचा नळ आईच्या खरखरीत जिभेनंच उघडतो.

म्हणजे कारखान्यातून यंत्र बाहेर पडलं, पण निम्मे भाग दुसऱ्याच यंत्रावर बसवलेले आहेत. दोन्ही जवळ आणल्याशिवाय चालू होत नाही.

एकच गोष्ट पिल्लाकडे पहिल्या दिवसापासून तयार असते: नाक. आंधळी, बहिरी पिल्लं काही दिवसांत आपापला सड ठरवून टाकतात आणि वासावरून बरोब्बर त्याच सडाशी जाऊन लुचतात. जे रोझेनब्लॅट हे अमेरिकी संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी 1960च्या दशकात पाहिलं की पिल्लाला घरट्याच्या कोपऱ्यातून उचलून थोडं दूर ठेवलं, तर ते रडत, डोकं डोलवत, वासाच्या मागावर सरपटत घरी येतं. घरचा वास नाकात भरला की रडणं थांबतं. आई तिथे नसली तरी!

आता नाणं उलटं करू. पिल्लाचे काही भाग आईवर आहेत, तसे आईचे काही पिल्लावर असतील का?

मराठीत ‘कळ’ हा भलताच गुणी शब्द आहे. बाळंतपणाच्या कळा. यंत्र चालू करायची कळ. आणि काळजात उठते ती कळ. तीन वेगळ्या गोष्टी, असं आपण समजतो. शरीराला मात्र यातल्या पहिल्या दोन एकच वाटतात, आणि हे आपल्याला पहिल्यांदा कळलं ते एका मांजरीमुळे. 1906 साली हेन्री डेल हा इंग्रज शास्त्रज्ञ मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा अर्क तपासत होता. गाभण मांजरीवर तो वापरला आणि तिचं गर्भाशय आवळलं गेलं. त्या अर्कातला जो रेणू हे घडवत होता, त्याला पुढे नाव मिळालं ऑक्सिटोसिन; ग्रीक शब्दांतून घडलेलं, अर्थ ‘त्वरित प्रसूती’. हल्ली मासिकांतून ‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणून मिरवतं ते हेच. (या नावाचा मला थोडा कंटाळा आहे. प्रेम एवढं स्वस्त असतं तर औषधाच्या दुकानात रांगा लागल्या असत्या.)

बाळंतपण उरकलं की हा रेणू निवृत्त होत नाही, खातं बदलतो. पिल्लू लुचायला लागलं की सडातून संदेश मेंदूत जातो, मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, ते रक्तातून कासेत पोहोचतं, तिथल्या दुधाच्या सूक्ष्म पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली उतरतं. शास्त्राची पुस्तकं यावर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करतात. आपल्याकडे एक शब्द पुरतो: पान्हा. वासरू ढुसण्या देतं तेव्हा गाय पान्हावते, आणि घाबरली, बिथरली की पान्हा चोरते, हे गोठ्यातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. भीतीच्या वेळी अंगात उसळणारं अ‍ॅड्रेनॅलिन ऑक्सिटोसिनची वाट अडवतं, हे त्यामागचं कारण नंतर सापडलं.

म्हणजे दूध आईचं, पण त्याची कळ पिल्लाच्या तोंडात! पिल्लं नाहीशी झाली की ती कळ कुणी दाबत नाही. कारखाना मात्र लगेच बंद होत नाही. दूध साठत जातं, सड ताठरतात, तापतात, कधी त्यात जंतू शिरून गळूही होतं. आटायला काही दिवस लागतात. जिन्यातली ती मांजर दुःखी होती की नाही यावर वाद घालायचा तर घाला. तिचं अंग दुखत होतं, यावर वाद नाही.

पण ती एका जागी कण्हत बसली नव्हती. ती शोधत होती, आणि मध्येच थांबून कान फिरवत होती. मांजराच्या कानाची बातच न्यारी. आपल्याला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला ऐंशी हजारांच्याही वर. कानाची पाळी हलवायला दोन डझनांहून जास्त स्नायू. एवढी चैन कशाला? उंदराची कुजबुज ऐकायला, हे उघड आहे. पण पिल्लाचं रडंही तसंच, बारीक आणि टोकदार असतं. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी पिल्लांच्या हाका ध्वनिमुद्रित करून मोठ्या मांजरांना ऐकवल्या. काही हाका सौम्य कुरबुरीच्या, काही जिवाच्या आकांतानं मारलेल्या. माद्यांनी आकांताच्या हाकेकडे जास्त झटपट मान वळवली. बोक्यांना दोन्ही सारख्याच. आणि खरी गंमत पुढे आहे: कधीच न व्यालेल्या माद्यांनाही हा फरक कळत होता.

मग आई झाल्यावर कानात वेगळं काही होतं का? याचं उत्तर मांजरींनी नाही, उंदरांनी दिलं आणि मला हा नियतीचा खास विनोद वाटतो. न व्यालेली उंदरीण पिल्लाच्या रडण्याकडे साफ दुर्लक्ष करते. 2015 साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशा उंदरिणींच्या मेंदूत, ऐकण्याच्या डाव्या केंद्राशी, ऑक्सिटोसिन पोहोचवलं. त्या पिल्लांना उचलून घरट्यात आणायला लागल्या! पान्ह्याचा रेणू कानही घडवतो. तोच आवाज, पण आता तो नुसता आवाज उरत नाही, बोलावणं होतो.

आणि हाकेला ओ दिल्यावर? मानगूट. आई दातांत मानगूट धरते आणि पिल्लू क्षणात गप्प, पाय पोटाशी, शेपूट आत, चिंधीसारखं लुळं. ही प्रतिक्रिया जन्मजात असते. त्या वेळी धडपडणारं पिल्लू पडेल तरी किंवा दात तरी लागतील. ‘मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत’ या म्हणीत निम्मं श्रेय आईचं आणि निम्मं त्या शहाण्या लुळेपणाचं आहे. दक्षिणेतल्या वैष्णव आचार्यांनी तर यावर अख्खा वाद घातला. माकडाचं पोर आईला स्वतः घट्ट धरतं, मांजराचं काहीच धरत नाही. मग भक्तानं कसं असावं? मर्कटन्याय की मार्जारन्याय? शतकानुशतकं चाललेल्या या चर्चेच्या मुळाशी जिन्याखाली दिसेल असं साधं दृश्य आहे.

हे सगळे धागे पिळून एकत्र आले की काय होतं, ते 30 मार्च 1996 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागानं पाहिलं. एका ओसाड गॅरेजला आग लागली. आत एका भटक्या मांजरीची पाच पिल्लं होती. ती आत गेली आणि एक पिल्लू घेऊन बाहेर आली. पुन्हा आत. असं पाच वेळा. केस जळले, पंजे भाजले, कान होरपळले, फोड येऊन डोळे मिटले. पाचही बाहेर आल्यावर तिला ती दिसत नव्हती. मग तिनं प्रत्येकाला नाक लावलं. सगळी आहेत याची खात्री झाली आणि ती कोसळली. तिचं नाव पुढे स्कार्लेट ठेवलं गेलं. एक पिल्लू महिनाभरानं विषाणूच्या संसर्गानं गेलं, बाकीची वाचली आणि ती स्वतः 2008 पर्यंत जगली.

तिनं पिल्लं मोजली का? मांजराला पाचपर्यंत आकडे येतात, असा दावा मी करणार नाही. पण ते नाक लावणं मला विसरता येत नाही.

आता एक असा चकवा, ज्यानं मी वाचता वाचता पुस्तक मिटून बसलो. मेक्सिकोतल्या संशोधकांनी 2017 मध्ये विचारलं: मांजरीला आपलं पिल्लू आणि परकं पिल्लू यांतला फरक कळतो का? वासाची चाचणी घेतली. कळतो, स्वच्छ कळतो. मग आपली आणि परकी पिल्लं घरट्याबाहेर ठेवली. आईनं सगळी उचलून आत आणली. भेद शून्य! मेंढी असं करत नाही. मेंढी व्यायल्यावर एक-दोन तासांत आपल्या कोकराचा वास पक्का करते आणि परक्याला ढुशी मारून हाकलते. कळपात राहणाऱ्या मेंढीला ती सावधगिरी हवीच. मांजरीचे पूर्वज एकेकटे राहणारे. आपल्या बिळात रडतंय ते आपलंच, हा हिशेब हजारो वर्षं बरोबर येत गेला. त्याच चमूनं आधी दाखवलं होतं की चार आठवड्यांची पिल्लं मात्र आपल्या आईची साद परक्या मांजरीच्या सादेतून वेगळी ओळखतात. आईला रडणारं कुणीही चालतं, पिल्लाला आपलीच आई लागते.

मग ती जिन्यात नेमकं कुणासाठी ओरडत होती? विशिष्ट चार जिवांसाठी, की रिकाम्या जागेसाठी? याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञानं 1970च्या दशकात ताटातूट झालेल्या कुत्र्यांच्या पिल्लांना मॉर्फिनचा अगदी अल्प डोस दिला. त्यांचं रडणं ओसरलं, झोप न लागताही. मॉर्फिन हे दुखण्यावरचं औषध. म्हणजे ताटातूट आणि दुखणं मेंदूत एकाच गल्लीत राहतात. तिसरी कळही त्याच कुटुंबातली निघाली.

काकूंचं म्हणणं तरीही अगदीच खोटं नव्हतं. या सगळ्याला घड्याळ आहे. चौथ्या आठवड्यात पिल्लं घन अन्नाला तोंड लावतात, आठव्यापर्यंत दूध जवळपास सुटतं, आणि हीच आई लुचायला आलेल्या धटिंगणावर फिस्कारते. फरक इतकाच की तेव्हा दोन्ही यंत्रं आपापली पूर्ण झालेली असतात. घाईनं तोडलं तर पिल्लांनाही ते भोवतं. फिनलंडमध्ये सुमारे 5,700 मांजरांच्या माहितीतून 2017 मध्ये दिसलं, की आठ आठवड्यांआधी आईपासून तोडलेली मांजरं पुढे अनोळखी माणसांवर जास्त गुरगुरतात. आपल्याकडे पिल्लानं डोळे उघडले की ‘घेऊन जा’ सुरू होतं.

पहाटे वॉचमनमामांनी खोकं परत आणलं. मे महिना होता म्हणून, नाहीतर इतका वेळ शेगडीविना ती चार जगली नसती. मांजर धावली नाही. अंग जमिनीशी टेकवत आली. घशात कधी न ऐकलेला बारीक घुर्रकार. पहिलं काम काय केलं असेल? प्रत्येकाला उलटं केलं आणि शेपटीखाली चाटलं. मग आडवी झाली. चार तोंडं हुंगत, एकमेकांवरून घसरत आपापल्या सडाला लागली. तिनं डोळे मिटले, पंजे उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कटोरीत दूध घेऊन गेलो तर पोतं रिकामं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, तिनं बहुधा दुसरं गाठलं होतं. कोणतं, ते तिनं या वेळी कुणालाही कळू दिलं नाही.