उणे 23 चं गणित

चॅनेलला पाठवलेली माहितीपटाची फाइल परत येते. तपासणी अहवालात चित्राबद्दल तक्रार नसते, आवाजापुढे मात्र लिहिलेलं असतं: लाउडनेस उणे 19.4, अपेक्षित उणे 23. एडिटिंग करणारा टाइमलाइन उघडून पाहतो आणि बुचकळ्यात पडतो. मीटर तर कुठेच लाल झालेलं नाही. मग आवाज मोठा ठरला कसा?

ट्रॅकशेजारी जी हिरवी-पिवळी पट्टी नाचत असते ती आवाजाचं शिखर दाखवते, म्हणजे त्या क्षणी सिग्नल किती वर गेला एवढंच. कानाला तो किती मोठा वाटतो, म्हणजेच लाउडनेस, हा निराळा प्रश्न. टाळीचा एक फटका पट्टीला वरच्या टोकाला नेतो, पण ऐकणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. उलट कॉम्प्रेसरने दाबून सपाट केलेलं जाहिरातीचं निवेदन त्याच शिखराच्या आत राहूनही अंगावर येतं, कारण त्यात उसंतच नसते. जोवर चॅनेलं फक्त शिखर तपासत होती, तोवर जाहिरातवाल्यांनी ही पळवाट मनसोक्त वापरली. आपल्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मध्ये जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं म्हटलंय खरं, पण अवाजवी म्हणजे किती हे आकड्याशिवाय ठरणार कसं?

तो आकडा काढायची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 साली ठरवून दिली. तिचं नाव बीएस 1770. तिच्या आधारावर युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने 2010 मध्ये आर 128 ही शिफारस काढली आणि कार्यक्रमाची सरासरी लाउडनेस उणे 23 एलयूएफएस, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या 23 लाउडनेस युनिट (एलयू) खाली, असावी असं सांगितलं. अमेरिकेत आकडा उणे 24 आहे. तिथे जाहिरातींच्या आवाजाला वेसण घालणारा कायदा डिसेंबर 2012 पासून लागू आहे.

मोजणी कशी होते हे एकदा समजून घेतलं की पुढचा गोंधळ बराच कमी होतो. आवाज आधी एका फिल्टरमधून जातो. खोल खर्ज आपल्या कानाला तितका मोठा वाटत नाही, म्हणून तो फिल्टर खर्ज कापतो आणि वरच्या पट्टीला थोडा उठाव देतो. मग आवाजाचे 400 मिलिसेकंदांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडून प्रत्येकाची शक्ती मोजली जाते. नुसती सरासरी काढली तर लबाडीला वाव राहतो: मध्ये लांब शांतता ठेवायची, सरासरी खाली ओढायची आणि उरलेल्या वेळात ओरडायचं. म्हणून 2011 च्या सुधारणेत गाळणी आली. उणे 70 च्या खालचे तुकडे सरळ बाद. उरलेल्यांची सरासरी काढायची, त्या सरासरीपेक्षा 10 एलयूंहून अधिक खाली असलेले तुकडेही वगळायचे आणि पुन्हा सरासरी काढायची. हाती येतो तो ‘इंटिग्रेटेड’ आकडा, आणि अहवालात लिहिलेला असतो तो हाच. मीटरवरचे ‘मोमेंटरी’ आणि ‘शॉर्ट टर्म’ हे आकडे अनुक्रमे 400 मिलिसेकंदांचे आणि 3 सेकंदांचे असतात. मिक्स करताना नजर टाकायला ते उपयोगी, निकाल द्यायला नाहीत.

आता टाइमलाइनकडे वळू. पहिलं काम आकड्याचं नाहीच. निवेदन, मुलाखती, संगीत आणि वातावरणातले आवाज यांचा तोल कानाने साधायचा, स्पीकर एकाच ठरावीक पातळीवर ठेवून. हा तोल बसला की मास्टर ट्रॅकवर लाउडनेस मीटर लावायचं. प्रीमियर प्रोमध्ये ते इफेक्ट म्हणून मिळतं, दा विंची रिझॉल्व्हच्या फेअरलाइट पानावर आधीच असतं. रिझॉल्व्हमध्ये एक लक्षात ठेवा: तिथलं मीटर लक्ष्याला 0 मानून आकडा दाखवू शकतं. म्हणून ‘+3.6’ दिसलं तर घाबरू नये, ते आपलं उणे 19.4 च आहे. मीटर रीसेट करून कार्यक्रम पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत, मध्ये न थांबता, वाजवायचा.

एक एलयू म्हणजे एक डेसिबल, त्यामुळे पुढचं गणित शाळेतलं. उणे 19.4 वरून उणे 23 ला यायचं तर मास्टर 3.6 डेसिबलने खाली. सगळं एकाच मापाने उतरतं, साधलेला तोल जसाच्या तसा राहतो.

इथे बरेच जण भलत्याच वाटेने जातात. सगळ्या क्लिप निवडायच्या, ‘नॉर्मलाइझ’ म्हणायचं, उणे 23 टाकायचं आणि चहाला जायचं. अशाने प्रत्येक क्लिप स्वतंत्रपणे उणे 23 वर येते: कुजबूज आणि घोषणा एकाच उंचीच्या होतात, पाखरांचा किलबिलाट निवेदकाच्या बरोबरीला बसतो, आणि हे सगळं एकत्र वाजलं की बेरीज पुन्हा उणे 23 च्या वरच जाते. वेगवेगळ्या माइकवर झालेल्या मुलाखती ढोबळमानाने एका पातळीला आणण्यापुरतं हे बटण ठीक आहे, अंतिम मिक्ससाठी अजिबात नाही.

आवाज चढवायचा असेल तर जरा सांभाळून. समजा मोजणी उणे 27 आली आणि शिखर उणे 3 वर आहे. 4 डेसिबल चढवले की शिखर शून्याच्या वर जाऊन आवाज फाटणार. आर 128 ची मर्यादा उणे 1, तीही ‘ट्रू पीक’ची. व्हिडिओच्या डिजिटल आवाजात सहसा सेकंदाला 48,000 नमुने असतात, पण खरी लहर दोन नमुन्यांच्या मध्येही उसळी घेते. साध्या मीटरला ती दिसत नाही, ट्रू पीक मीटर मधले बिंदू काढून ती पकडतं. तेव्हा आधी आवाज चढवायचा, त्यानंतर साखळीत सर्वांत शेवटी ट्रू पीक लिमिटर ठेवायचा आणि पुन्हा मोजायचं, कारण लिमिटरने थोडं कापलं की आकडाही किंचित उतरतो. लिमिटरला सतत 5-6 डेसिबल कापावं लागत असेल तर दोष मिक्समध्ये आहे, तिकडे परत जा.

मोजणीत आणखी दोन ठिकाणी फसगत होते. मोनो फाइल एकाच चॅनलवर मोजली तर ती दोन्ही स्पीकरमधून वाजताना असते त्यापेक्षा 3 एलयू कमी दिसते. कलरबार्ससोबतचा 1 किलोहर्ट्झचा टोन मोजणीत आला तर आकडा सरळ चुकतो. मात्र हाच टोन मीटर तपासायला छान: दोन्ही चॅनलवर उणे 23 डेसिबलच्या शिखराचा टोन दिला तर मीटरने उणे 23 च दाखवायला हवं.

हाच कार्यक्रम यूट्यूबवरही टाकायचा असेल, तर तिथलं लक्ष्य साधारण उणे 14 आहे. तिथे मोठा आवाज खाली आणला जातो, पण हळू आवाज वर उचलला जाईल या भरवशावर राहू नये, म्हणून तिथली प्रत वेगळी काढा. चॅनेलसाठी मात्र त्यांचा स्वतःचा डिलिव्हरीचा कागद आधी मागून घ्या. काही जण शिखराची मर्यादा उणे 2 किंवा उणे 3 ठेवतात. आणि मोजायची ती एक्सपोर्ट झालेली फाइल, टाइमलाइन नव्हे. ती पुन्हा आत आणा, पूर्ण वाजवा आणि आकडा उणे 22.5 ते उणे 23.5 च्या मध्ये असेल तरच पाठवा.