छताच्या पाण्याचा पाइप : उतार मोबाईलने मोजायचा का?

दीपनगरला घर असेल तर खानदेशातली काळी माती तुम्हाला ठाऊकच आहे. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि मग भिंतींना तडे. म्हणून छताचं पाणी पायाशी न सोडता जमिनीखालून पाइपने लांब न्यायचं. १०० चौरस मीटर स्लॅबवर ५० मिमी पाऊस म्हणजे ५,००० लिटर पाणी!

११० मिमीचा पीव्हीसी पाइप, मीटरमागे १ सेंमी उतार. हा उतार भरतो जेमतेम ०.५७ अंश, आणि आयफोनचं लेव्हल पूर्ण अंशच दाखवतं. त्यात मागे कॅमेऱ्याचा उंचवटा. मी तरी गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळीच वापरेन. मोबाईल लागेल तो चर बुजवण्याआधी: शेजारी टेप धरून पाइपचे फोटो काढून ठेवा.