स्क्रीन नसलेल्या पेटीवर ओपनबीएसडी

स्विस कंपनी पीसी इंजिन्सच्या एपीयू2 बोर्डाला मॉनिटर जोडायची सोयच नाही. बोलायचं ते सीरियल पोर्टातून, नल-मोडेम केबल लावून, 115200 या वेगाने. रूटर किंवा फायरवॉल करायला मला हा बोर्ड फार आवडतो. आता त्याचं उत्पादन थांबलंय, पण जुने बोर्ड अजून धावतायत.

त्यावर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची तर तिच्या इन्स्टॉलरची प्रतिमा यूएसबीवर उतरवा, बोर्ड चालू करताना एफ10 दाबून ती यूएसबी निवडा. 'बूट>' असं दिसलं की खरी जागा आली. इथे अनेकजण नुसतं एंटर दाबतात. कर्नल लोड होतो आणि टर्मिनल गप्प! बोर्ड बिघडलेला नसतो. तोवर बायॉस स्क्रीनवरचा मजकूर सीरियलकडे वळवत असतो. कर्नल मात्र थेट स्क्रीन शोधतो, आणि ती तर नाहीच.

म्हणून एंटरआधी दोन आज्ञा द्यायच्या: 'एसटीटीवाय कॉम0 115200' आणि मग 'सेट टीटीवाय कॉम0' (टाइप करताना अर्थात रोमन लिपीत, लहान अक्षरांत). पुढे इन्स्टॉलर स्वतःच विचारतो, कन्सोल कायमचा कॉम0 ठेवू का? हो म्हणा. ते बूट.कॉन्फ या फाइलीत लिहिलं जातं. ओपनबीएसडीचं हे नेमकेपण मला मनापासून भावतं. कुणाकडे एपीयू2 पडून असेल तर जरूर करून बघा.